दोन बोटं जागा

आकडीमावशी माणसाशी बोलताना त्याच्या तोंडाकडे बघायची नाही, डोक्याच्या हातभर वर बघायची. नवा माणूस गोंधळून जायचा. एकदा पंचायतीत आलेल्या साहेबांनी तिच्याशी बोलता बोलता तीनदा डोक्यावरून हात फिरवला; कावळ्याने काही केलं की काय, असं त्यांना वाटलं असावं. मावशीच्या मनात तसलं काही नसायचं. चाळीस वर्षं शेळ्यांमागे हिंडून तिची मानच वर राहिली होती. लग्नाला जावो की मयतीला, तिची नजर आधी झाडावर जायची. पाला किती आहे, शेंगा धरल्यात का, कुठली फांदी हाताशी येईल. माणसं त्यानंतर.

ती आमच्या नात्यातली नव्हती. मोहोळ तालुक्यात गावापासून दोनेक किलोमीटरवर रानात आमची वस्ती आहे. ओढ्याच्या अलीकडे आमचं घर, पलीकडे तिचं. नवरा लवकर गेलेला, एक मुलगा, आणि पंधरा-वीस शेळ्या. खांद्यावर कायम आकडी. आकडी म्हणजे दोन पुरुष उंचीचा बांबू आणि त्याच्या टोकाला विळ्यासारखं वाकडं पातं. उंचावरची फांदी त्यात अडकवून हिसका दिला की पाला खाली. "आकडी नसली तर गावची कुत्री बी तिला वळखायची न्हाईत," असं माझे वडील म्हणायचे. तिचं खरं नाव मी पहिल्यांदा रेशनकार्डावर वाचलं, तेव्हा ते दुसऱ्याच कुणा बाईचं वाटलं.

गावात तिला झाडांची वैरीण समजत. आकडी दिसली की लोक आपापल्या बांधावर येऊन उभे राहत. कुणी म्हणायचं, "मावशे, माझ्या बाभळीला हात लावशील तर बघ." ती शांतपणे त्याच्या डोक्यावर बघत म्हणायची, "तुझ्या बाभळीला हाय काय हात लावण्यासारखं? समदी सुकटी. गेल्या साली माझ्याकडनं छाटून घेतली असतीस, तर औंदा छत्रीवाणी झाली असती." माणूस चिडायचा, पण नंतर हळूच मान वर करून आपल्या झाडाकडे बघायचा. ती सहसा खरं बोलत असे, हीच अडचण होती.

तिची एक सवय मला आधी सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्या सवयीवरच उभं आहे. करडाच्या गळ्यात दावं बांधलं की ती गाठ मारण्याआधी दावं आणि गळा यांच्यामध्ये आपली दोन बोटं घालायची. बोटं आत ठेवूनच गाठ मारायची, मग बोटं काढून घ्यायची. "दोन बोटं जागा," ती स्वतःशीच म्हणायची. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "आज ह्याचा गळा येवढा हाय. उद्या वाढंल की. गाठ काय वाढत न्हाय." दावीही ती घरीच वळायची, फाटक्या लुगड्यांच्या चिंध्यांची. तिच्या शेळ्यांच्या गळ्यात हिरवे, जांभळे, तांबडे काठ असायचे. लांबून बघितलं तर बायकांचा घोळकाच चाललाय असं वाटायचं.

मी तिसरीत असताना आमच्या शाळेत झाडं लावायचा कार्यक्रम झाला. टेम्पोतून रोपं आली. सर म्हणाले, प्रत्येकाने एक घ्या, त्याला नाव द्या, ते तुमचं झाड. पुढच्या रांगेतल्या पोरांनी दोन-दोन उचलली आणि मी पोहोचेपर्यंत टेम्पोत फक्त माती उरली. सरांनी मला एका मुलाच्या रोपाला पाणी घालायला सांगितलं. दुसऱ्याच्या रोपाला! मी घातलं नाही. घरापर्यंत रडत आले.

ओढ्यात मावशी शेळ्यांना पाणी पाजत होती. "कुणी मारलं गं?" तिने विचारलं.

"कुणी न्हाय. मला झाड न्हाय मिळालं."

तिला हसू आलं. "येवढंच व्हय? चल."

तिच्या शेळ्यांच्या वाड्यात एका कोपऱ्यात पत्र्याच्या डब्यात बाभळीच्या बिया होत्या. उन्हाळ्यात शेळ्या बाभळीच्या शेंगा खातात आणि रवंथ करताना त्यातल्या टणक बिया तोंडातून टाकून देतात. सकाळी वाडा झाडताना मावशी त्या वेचून ठेवायची. तिने चार बिया माझ्या तळहातावर ठेवल्या. "ह्या चांदीच्या पोटातनं आल्यात," ती म्हणाली. चांदी ही तिची पुढे चालणारी शेळी, कपाळावर पांढरा टिळा असलेली. "झाडावरची बी लावलीस तर दोन वर्सं बघत बसशील. शेळीच्या पोटातनं आली की ती लगीच उगवती. पोटातली ऊब लागल्याली असती की तिला."

आमच्या बांधावर तिने आकडीच्या मागच्या टोकाने भोक पाडलं. बी मी टाकली. माती मी लोटली. मग तिने पहिल्यांदाच माझ्या डोक्यावर न बघता माझ्या डोळ्यांत बघितलं. "पर येक. झाड तुझं. मी ह्याला हात लावायची न्हाय. पर मोठं झालं, आन् माझ्या शेळ्यांवर येळ आली, तर पाला द्यायचास. व्हय?"

"व्हय," मी म्हणाले. आठ वर्षांची होते. तेव्हा मी कशालाही व्हय म्हणाले असते.

शाळेतल्या झाडांचं सांगायचं तर, निम्मी उन्हाने गेली आणि निम्मी मावशीच्या शेळ्यांनी खाल्ली. हेडमास्तर तणतणत तिच्या दारात आले. "अहो, तिथं बोर्ड लावलाय, जनावरांना मनाई म्हणून!" मावशीने त्यांच्या टोपीच्या वर बघितलं. "कुंपण घालायचं की सर. शेळीला काय वाचाय येतंय?" सर हसले नाहीत, पण बरोबरचा शिपाई हसला आणि त्याबद्दल त्याला पुढे आठवडाभर बोलणी खावी लागली, असं ऐकलं.

माझ्या बाभळीला मात्र मावशीने स्वतः काटेरी फांद्यांचं गोल कुंपण केलं. तिच्याच शेळ्यांपासून. रोज सकाळी शेळ्या घेऊन जाताना ती त्या बाजूला चालायची, म्हणजे शेळ्या आणि माझं झाड यांच्यामध्ये मावशी असायची. भांडी विसळलेलं पाणी मी नेऊन घालायचे. कोंब वर आला, त्याला दोन बारीक पानं फुटली आणि त्यांच्याबरोबरच दोन पांढरे काटे. मी घाबरून विचारलं, काटे कशाला? "जलमलं की रडाय लागत न्हाय व्हय पोर? ह्याचं रडणं असं," ती म्हणाली.

दुसऱ्या वर्षी ते माझ्या कमरेला लागलं, तिसऱ्या वर्षी माझ्या डोक्यावरून गेलं. मी शेजारी टाचा उंच करून उभी राहायचे. मावशी ओढ्यावरून ओरडायची, "तू जेवतीस का न्हाय गं? ते बघ कुटं गेलं!" मी परीक्षेत नापास झाल्यासारखी आत जायचे आणि एक भाकरी जास्त खायचे. पावसाळ्यात झाडाला पिवळे गोंडे यायचे. मी ते कानात अडकवून शाळेत जायचे, इतर मुली आधी हसल्या, मग माझ्याकडे मागायला लागल्या. झाडाचा डिंक मी चिंचोक्याएवढा गोळा करून आईला द्यायचे. अभ्यास त्याच्या बुंध्याला टेकून करायचे. वर्गात माझ्याएवढं कुणी वाचत नव्हतं, हे मी लाजेने सांगणार नाही, कारण लाजण्यासारखं त्यात काही नाही. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे जाणारी मी पहिली होते आणि ते मला दहावीच्या आधीच ठाऊक होतं.

दहावीच्या वर्षी पाऊस आला नाही. ज्वारी पेरलीच नाही, ओढा कोरडा. बांधावरचं गवत जनावरांनी मुळासकट ओरबाडलं. श्रावण लागला तरी रानात हिरवं म्हणून जे काही उरलं होतं, त्यात माझी बाभळ एक. बाभळीची मुळं खोल जातात. ती एकटी अंगभर पालवलेली उभी होती, आणि आख्खी वस्ती तिच्याकडे बघायची.

त्याच सुमाराला शाळेत पर्यावरणाचा प्रकल्प होता. मी "वृक्षसंवर्धन" घेतलं. एक दिवस मी झाडाखाली लिहीत बसले असताना मावशी आली. शेळ्या मागे होत्या. तिने वर बघत झाडाला एक फेरी घातली. एक फांदी निरखली, दुसरी निरखली. मला कळलं. ती गेल्यावर मी उठले. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून उरलेला तांबडा रंग घरात होता. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून मी त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं: "झाड तोडणे गुन्हा आहे." खाली माझं नाव, इयत्ता दहावी. वडिलांची पक्कड घेऊन तारेचे तीन वेढे बुंध्याला घातले आणि करकचून पीळ दिला.

दुसऱ्या दिवशी मावशी पुन्हा आली. खांद्यावर आकडी. पाटीपुढे थांबली.

"काय लिवलंय?"

मी वाचून दाखवलं. शाळेच्या भाषेत, स्वच्छ उच्चारात.

"गुन्हा म्हंजी?"

"म्हणजे अपराध. पोलीस धरतात."

"मला?"

"कुणालाही."

ती पाटीकडे बघत राहिली. सात वर्षांपूर्वी मी व्हय म्हणाले होते, ते तिला आठवत होतं. मलाही आठवत होतं, हे मी इथे लिहून ठेवते. तिने ते काढलं नाही. "बरं," ती म्हणाली. "लिवलंय म्हंल्यावर मग काय." आणि वळली. चांदी झाडाकडे ओढ घेत होती, तिच्या गळ्यातल्या दाव्याला धरून मावशीला तिला ओढत न्यावं लागलं.

त्यानंतर कित्येक महिने ती रोज त्या झाडावरून गेली आणि एकदाही त्याला हात लावला नाही. लोकांच्या बांधावर भांडून, चोरून पाला काढणारी बाई माझ्या एका ओळीला इतकी मानते, याचा मला त्या वयात अभिमान वाटला. प्रकल्पात मला पैकीच्या पैकी गुण मिळाले.

मार्चमध्ये परीक्षा संपली. एकदा जेवताना वडील म्हणाले, "मावशी कालव्यापर्यंत जातीया रोज पाल्याला. दोन कोस. परवा तिकडच्यांनी आकडी काढून घेतली व्हती तिची. हात जोडल्यावर दिली."

आई म्हणाली, "हितं झाड आसताना?"

"हितं पाटी हाय की," वडील म्हणाले. माझ्याकडे बघितलंही नाही त्यांनी. भाकरी मोडून खात राहिले.

मी तावातावाने म्हणाले, की झाड तोडलं की मरतं, पुस्तकात दिलंय. वडील म्हणाले, "असंल." एवढंच. माझे वडील दुसरी शिकलेले. मला पुस्तकावरून बोलायची त्यांची कधी हिंमत झाली नाही. तेव्हा मला तो माझा विजय वाटला होता.

पुढच्या आठवड्यात मावशी मोडनिंबच्या बाजाराला गेली. जाताना चार शेळ्या होत्या, येताना नुसती आकडी. चार गेलेल्यांत चांदी होती. माझ्या बाभळीचं बी जिच्या पोटातून आलं तीच चांदी, आता म्हातारी झालेली. मी दारातून बघितलं. मावशीची मान त्या दिवशी खाली होती. मी तिला खाली बघताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. तरीही मी पाटी काढली नाही. एकदा लिहिलं की ते मागे कसं घ्यायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

मे महिन्यात एका दुपारी वळवाचं वादळ आलं. पाऊस चार थेंब, वाराच फार. आम्ही दार धरून आत बसलो होतो तेव्हा बांधावरून असा आवाज आला, जसं कुणी नवं कापड टराटर फाडावं. वारा थांबल्यावर मी पळत गेले. बाभळीची सगळ्यात मोठी फांदी बुंध्याच्या बगलेतून फाटून खाली लोंबत होती. साल पार खालपर्यंत सोलली गेली होती. आठ वर्षांत एकदाही छाटली नसल्यामुळे सगळं ओझं त्या एका बाजूला गेलं होतं. माझं झाड ना शेळीने मोडलं होतं, ना मावशीने. मी त्याला इतकं जपलं होतं की ते स्वतःच्याच भाराने फाटलं.

मी पाटी काढायला गेले. ती लावल्यापासून मी बुंध्याजवळ फिरकलेच नव्हते; लांबूनच तांबडी अक्षरं दिसायची. पक्कड बरोबर होती. पण तार नव्हतीच.

पाटी एका दाव्यावर टांगलेली होती. लुगड्याच्या चिंध्यांचं, हिरव्या काठाचं दावं. तारेच्या तीन वेढ्यांच्या जागी सालीवर तीन खोल वळ होते, मधोमध मिटत आलेले, म्हणजे तार काढून महिने झाले होते. मी दाव्याखाली बोटं घातली. दोन बोटं आरामात गेली.

जी पाटी तिला मनाई करत होती, ती पाटी तिनेच सैल करून पुन्हा बांधली होती. तिथेच. सरळ. वाचता येत नसताना अक्षरं उलटी होणार नाहीत याची काळजी घेऊन.

पाटी सोडून घेतली आणि मी ओढा ओलांडून गेले. मावशी वाड्यात बसून करडाला चिपाडं चारत होती. मी माफी वगैरे मागितली नाही. आमच्याकडे घरच्या माणसांना तसं म्हणत नाहीत, आणि म्हणता आलं असतं असंही नाही.

"मावशे, आकडी घेऊन चल."

तिने माझ्या डोक्यावर बघितलं. "पाटी?"

"काढली."

"आन् गुन्हा?"

"न्हाय," मी म्हणाले. "न्हाय गुन्हा."

"मग काय झालं रडायला? कुणी मारलं?" ती म्हणाली, आणि उठली.

फाटलेली फांदी तिने बगलेपासून साफ कापली. जखमेवर शेण आणि माती कालवून लिंपली, हाताने, जसं घर सारवतात तसं. पाला शेळ्यांपुढे टाकला. मग आकडी माझ्या हातात दिली. ती किती जड असते हे मला तेव्हा कळलं. बांबू वर धरला की खांदे थरथरायचे. ती मागे उभी राहून सांगत होती: "शेंडा न्हाय तोडायचा. शेंड्यानं झाड बघतंय. येक फांदी शेळीला, येक झाडाला. ही नगं, ती, ती पलीकडची. डोळ्याच्या वर तोड. तितं फूट येती. हिसका दे की! जेवतीस का न्हाय?" मी अकरा फांद्या काढल्या. हातावर फोड आले. झाड उघडंबोडकं दिसत होतं आणि मला वाटत होतं की गेलं. पावसाळ्यात ते असं फुटलं, की बांधावरून जाणारा माणूस थांबून वर बघायचा.

चांदी काही परत आली नाही. मी एकदा विषय काढला. मावशी म्हणाली, "म्हातारी झाली व्हती. जायचीच की." पण त्यानंतर तिने कुठल्याही शेळीला चांदी हे नाव दिलं नाही. कपाळावर टिळा घेऊन दोन करडं जन्मली, तरी नाही. एवढं मी ओळखते.

दहावीत मी तालुक्यात वरच्या मुलींत आले. वडील मला मोहोळलाच ठेवायचं म्हणत होते. सोलापूरला वसतिगृहात पोरगी एकटी राहणार, ही गोष्ट त्यांच्या गळी उतरत नव्हती. आठ दिवस घरात हाच विषय. मी रडले, जेवले नाही, बोलले नाही. नवव्या दिवशी मावशी आली, उंबऱ्यावर बसली. वडिलांच्या पागोट्याच्या वर, आमच्या पत्र्याच्या कडेला बघत म्हणाली, "भाऊ, बांध की पोरीला. कोण नको म्हंतंय? पर दोन बोटं जागा ठिव."

वडिलांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. मग म्हणाले, "एसटी कितीला असती गं मोहोळातनं?"

मी सोलापूरला शिकले. बी.ए. झाले. आमच्या सात पिढ्यांत पदवीचा कागद घरी आणणारी मी पहिली, आणि तो कागद मी आधी आईवडिलांना आणि मग ओढा ओलांडून मावशीला दाखवला. तिने पदराला हात पुसले, कागद धरला. "काय लिवलंय?" मी वाचलं. "माझं नाव हाय का त्यात?" मी म्हणाले, "न्हाय." "बरं," ती म्हणाली. "लिवलं न्हाय म्हंल्यावर मग काय." आणि इतकी हसली की तिच्या मांडीवरचं करडू उडून पळालं.

मी सोलापुरातच, सात रस्ता चौकाजवळ एका ऑफिसात नोकरीला लागले. फायलींच्या नाड्या मी सैल बांधते. साहेब म्हणतात, कागद पडतील. अजून पडलेले नाहीत. उलट दरवर्षी फाइल फुगते आणि बाकीच्यांच्या नाड्या तुटतात. मी कारण सांगत नाही.

तीन वर्षांपूर्वी मावशीचे गुडघे गेले. मुलगा चाकणला कंपनीत होता, तो न्यायला आला. शेळ्या वस्तीवरच्या लोकांनी घेतल्या. आकडी तिने आमच्या पडवीत आणून टेकवली. "चैतात छाटायचं. कुणाच्या बी शेळ्या असू दे," ती मला म्हणाली. मग जरा थांबून, "ती तुझी पाटी हाय का अजून?"

पाटी होती. आईने तिचं कोंबड्यांच्या खुराड्याला दार केलं होतं. मला वाटलं, ती चेष्टा करते आहे. मी मान खाली घातली.

"आगं दे की. पोराच्या खोलीपुढं येक बदामाचं झाड हाय. येता जाता लोक फांद्या मोडत्यात. शेळ्या न्हाईत, काय न्हाय, उगंच. कचरा बी पेटीवत्यात त्याच्या बुडात." तिने पाटी हातात घेतली, कोंबडीची घाण नखाने खरवडली. "हितं मला वाचाय येत न्हवतं तरी मी ऐकलं. तितं समद्यास्नी येतंय. बघू ऐकत्यात का."

गाडीत ती पाटी मांडीवर घेऊन बसली होती. गाडी हलली तेव्हा ती माझ्याकडे बघत नव्हती. खिडकीतून मान वर करून बांधावरच्या बाभळीकडे बघत होती, आणि तिचे ओठ हलत होते. बहुतेक फांद्या मोजत असावी.

गेल्या वर्षी ती गेली. निरोप उशिरा आला, मला पोहोचता आलं नाही. या चैत्रात बाभळ छाटून झाल्यावर मी चाकणला जाऊन आले. खोल्यांची लांबच लांब ओळ, पुढे सिमेंटचं अंगण आणि त्यात एक बदाम. तिची सून म्हणाली, "रोज सकाळी खुर्ची घेऊन त्याच्याखाली बसायच्या. कुणी आलं की म्हणायच्या, वाच की, काय लिवलंय?" झाडाच्या खालच्या फांद्या शाबूत होत्या. बुडात राख नव्हती. पाटी बुंध्याला होती, रंग उडालेला. "गुन्हा" नीट वाचता येत होतं, माझं नाव पुसट झालं होतं. नायलॉनच्या साडीच्या चिंध्यांचं दावं, जांभळ्या काठाचं.

मी दाव्याखाली बोटं घातली. एकच बोट गेलं. वर्षभरात झाड वाढलं होतं.

गाठ तिच्या हातची होती. सोडायला मन होईना. पण ती असती तर तिने काय म्हटलं असतं, ते मला माहीत होतं. मी गाठ सोडली. दोन बोटं आत ठेवून नवी मारली, आणि मग बोटं काढून घेतली.